संग्रामपुराहून खडकवासल्यास

आमच्या गावाच्या नावात संग्राम आहे. परंतु तो पाहण्यासाठी म्हणून कोणी गावात आला तर त्याची निराशाच व्हावयाची. सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णा नदीच्या उत्तरेस वसलेला बुलढाणा जिल्ह्यातील हा तालुका. कापूस, तूर, संत्री, विहिरींचे खारे पाणी आणि वैशाखातील ऊन ह्यांच्याशी येथील माणसाचे जे नित्य झुंजणे चालते, तेवढाच काय तो आमचा संग्राम. खंडेनवमीस घरोघरी शस्त्रपूजन होते खरे. पण आमच्या घरच्या पाटावर मांडली जाणारी शस्त्रे म्हणजे विळी, अडकित्ता, कात्री आणि आजोबांच्या वेळची लोखंडी पहार. अलीकडे मुलांनी त्यांत संगणकाची भर घातली आहे. तलवार त्यांत नाही, आणि ती नसल्याचे वैषम्यही आजवर कोणास वाटले नव्हते.

असे असता ह्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचे कुटुंब खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पाहून आले, ह्याचे वाचकांस थोडे नवल वाटेल. ह्या सदरातून आम्ही घरच्याच गोष्टी सांगत आलो आहोत. ही गोष्टही घरचीच आहे. ती घडली मात्र खडकवासल्यास.

उन्हाळ्यात कोठे जावे ह्याची चर्चा आमच्याकडे चैत्रातच सुरू होते. मातोश्रींचा कल देवदर्शनाकडे, मुलांचा समुद्राकडे, आणि आमच्या वडील बंधूंचा घरीच पंख्याखाली पडून राहण्याकडे. ह्या वेळी बंधूंच्या धाकट्या मुलीने सर्वांच्या आधी आपले म्हणणे मांडले. ती यंदा बारावीत जावयाची. तिच्या अभ्यासाच्या मेजावरील काचेखाली वर्तमानपत्राचे एक कात्रण कित्येक महिने होते: २०२५ च्या ३० मे रोजी प्रबोधिनीचे शिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या पहिल्या १७ मुलींचे छायाचित्र. घरातील प्रत्येकाने ते पाहिले होते, आणि प्रत्येकानेच पाहिले नसल्यासारखे केले होते. “आपण खडकवासल्याला जाऊ,” असे ती म्हणताच माजघरात क्षणभर कोणी बोलले नाही. बंधूंनी चष्मा पुसावयास घेतला. शेवटी वहिनी म्हणाल्या, “जायचं तर जाऊ. पण पाहून यायचं, बाकी काही नाही.” ह्या अटीवर प्रवास ठरला.

जे वाचक हा लेख वाचून तिकडे निघतील त्यांस प्रथम एक सूचना केली पाहिजे. प्रबोधिनी म्हणजे शनिवारवाडा नव्हे, की तिकीट काढले आणि आत शिरलो. ती शिकण्याची जागा आहे आणि लष्कराची आहे. तेथे आगाऊ अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, प्रत्येकाचे ओळखपत्र लागते, नेमलेल्या दिवशी नेमलेल्या वेळीच जावे लागते, आणि आत जो मार्ग दाखवितील तोच धरावा लागतो. छायाचित्र नको म्हटले तेथे हट्ट करू नये. उन्हाळ्यात जाणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. प्रबोधिनीचे वर्ष दोन सत्रांचे. पहिल्या सत्राची अखेर मेअखेरीस होते, त्या वेळी दीक्षान्त संचलन असते आणि मग छात्र सुटीवर जातात. म्हणून आवारात जिवंतपणा पाहावयाचा तर मेच्या पूर्वार्धात जावे.

आमच्या गावाहून शेगावपर्यंत एस. टी. आहे. शेगावी श्रीगजाननमहाराजांचे दर्शन झाले, म्हणजे मातोश्रींची मागणीही पुरी झाली. तेथून महाराष्ट्र एक्सप्रेसने भुसावळ, मनमाड, दौंड करीत रात्र काढली आणि पहाटे पुण्यास उतरलो. वऱ्हाडातून निघालेल्या माणसास मे महिन्यातील पुण्याची पहाट म्हणजे थंड हवेचे ठिकाणच. पुण्यास आमचा एक पुतण्या संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे न्याहारी करून वारजे, शिवणे, उत्तमनगर ह्या वाटेने आम्ही प्रबोधिनीच्या दारी गेलो. शहरापासून हे अंतर सुमारे १७ किलोमीटर. कागदपत्रे तपासून झाल्यावर एक हवालदार आमच्याबरोबर देण्यात आले. मितभाषी गृहस्थ; विचारावे तेवढेच सांगत.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती शांततेची. बाहेरच्या रस्त्यावरील भोंगे दाराशीच थांबतात. ७,००० एकरांहून अधिक विस्ताराची ही भूमी त्या वेळच्या मुंबई राज्याने दिलेली आहे. एका अंगास खडकवासल्याचा तलाव, समोर सिंहगड, मागे डोंगरांची रांग, आणि रस्त्यांच्या दुतर्फा फुललेले गुलमोहर. मुठा नदीवरील हे धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज अभियंत्यांनी बांधले, आणि तलावास त्यांच्यातील फाइफ साहेबांचे नाव दिले होते. ते नाव लोक विसरले. परंतु १६७० साली पडलेल्या तानाजीचे नाव समोरच्या गडावर आजही आहे. मातोश्रींनी गाडीतूनच गडास हात जोडले. त्यांच्या लेखी पुढे काही पाहावयाचे उरले नव्हते.

ही जागा निवडण्यामागे डोंगर आणि पाणी एकत्र असणे हे मुख्य कारण. दुसऱ्या महायुद्धात ह्याच तलावाच्या उत्तर काठावर, जहाजांतून किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा सराव देणारे एक केंद्र होते. त्याचाही उपयोग झाला. पण जागेपेक्षा कल्पनेचा इतिहास अधिक सांगण्यासारखा आहे. इंग्रजी अमदानीत हिंदी माणसाने शिपाई व्हावे, सुभेदार व्हावे, लढावे आणि मरावे. सेनेतील राजनियुक्त अधिकारी मात्र होऊ नये, अशी रीत होती. १९१८ पासून इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे हिंदी तरुणांसाठी वर्षास अवघ्या १० जागा ठेवण्यात आल्या. पुढे बरीच वर्षे मागणी केल्यावर १९३२ साली डेहराडून येथे लष्करी अकादमी निघाली. तिच्या पहिल्या तुकडीत ४० छात्र होते, आणि त्यांतच पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा होते. पहिल्या ४० मुलांस पाठविताना त्यांच्या घरी काय बोलणे झाले असेल, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

महायुद्ध संपल्यावर सरसेनापती ऑकिन्लेक ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निरनिराळ्या देशांतील लष्करी विद्यालयांचा अभ्यास केला. अमेरिकेत हडसन नदीच्या काठी १८०२ साली स्थापन झालेले वेस्ट पॉइंट हे त्यांतील प्रमुख. समितीने १९४६ च्या अखेरीस अशी शिफारस केली की स्थलसेना, नौसेना व वायुसेना ह्या तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांनी आरंभीचे शिक्षण एकाच छपराखाली घ्यावे. युद्धात तिघांस एकत्र उभे राहावयाचे, तर विद्यार्थिदशेतच एका पंक्तीस जेवलेले बरे, असा हा साधा विचार. परंतु त्या काळी इतर देशांनीही तो पुरतेपणी अमलात आणला नव्हता. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनजवळ क्लेमेंट टाऊन येथे ह्या शिक्षणास प्रारंभ झाला. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला खडकवासल्यास पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. १९५४ च्या डिसेंबरात संस्था येथे नांदू लागली, आणि १६ जानेवारी १९५५ रोजी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई ह्यांनी तिचे रीतसर उद्घाटन केले. ‘सेवा परमो धर्मः’ हे तिचे ब्रीद.

आवाराच्या मध्यभागी सुदान ब्लॉक नावाची तीन मजली इमारत आहे. आपल्याकडचा काळा दगड आणि जोधपूरचा तांबडा दगड ह्यांच्या मिलाफाने ती बांधली असून वर घुमट आहे. खडकवासल्यास सुदानचे नाव कोठून आले, हे कोडे आमच्या मुलांस पडले, आणि त्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजांपासून सुदानचे रक्षण करण्याच्या कामी, आणि पुढे एरिट्रियातील केरेनच्या डोंगरात, हिंदी पलटणी लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. त्यांच्या बलिदानाची कृतज्ञता म्हणून १९४१ साली सुदान सरकारने स्मारकासाठी एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर ह्या देणगीतील ७० हजार पौंड आपल्या वाट्यास आले, उरलेले पाकिस्तानकडे गेले. ज्या पलटणींत दोन्हीकडची मुले एकत्र लढली आणि एकत्र पुरली वा जाळली गेली, त्यांच्या स्मारकाच्या पैशाचीही वाटणी झाली. आपल्या वाट्याच्या रकमेचा विनियोग ह्या वास्तूसाठी करण्यात आला, आणि १९५९ च्या ३० मे रोजी सुदानच्या राजदूतांनी तिचे उद्घाटन केले. कोठल्या परदेशी वाळवंटात आपल्याकडच्या कुणबी-मराठ्यांच्या मुलांनी देह ठेवला, आणि त्या पुण्याईवर येथे विद्येचे घर उभे राहिले!

ह्या इमारतीच्या संगमरवरी दिवाणखान्यात, प्रबोधिनीत शिकून ज्यांनी परमवीरचक्र वा अशोकचक्र मिळविले त्यांची चित्रे लावलेली आहेत. परमवीरचक्राचे मानकरी तिघे. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत असता १९६१ च्या डिसेंबरात काँगो देशात पडले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १९७१ च्या १६ डिसेंबरला बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत पडले. दीक्षान्त संचलन ज्या मैदानावर होते त्यास आज त्यांचे नाव आहे. कॅप्टन मनोजकुमार पांडे १९९९ च्या ३ जुलैस कारगिलच्या युद्धात खालुबार येथे पडले. मुले पराक्रमाची वर्णने वाचीत होती. वहिनी मात्र चित्राखालील सालांची वजाबाकी करीत असाव्यात, कारण थोड्या वेळाने त्या आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या, “सव्वीस, एकवीस, चोवीस.” ती त्या तिघांची वये होती. त्यांचा थोरला मुलगा, ज्याच्याकडे आम्ही उतरलो होतो, तो सव्वीस वर्षांचा आहे.

तेथून पुढे मन थोडे हलके व्हावे असे बरेच पाहावयास मिळाले. छात्रांच्या तुकड्या सायकलींवरून शिस्तीत रांगा करून वर्गास जात होत्या. पहिल्या सत्राचा मुलगा येथे एकटा रमतगमत चालत नाही. तो तुकडीबरोबर चालतो, नाही तर धावतो. पहाटेची कवायत, मग वर्ग, मग मैदान, असा दिवस. घोड्यावर बसणे, पोहणे, तलावात शिडाची होडी हाकणे हे सर्व प्रत्येकाने शिकावयाचे. शिक्षण तीन वर्षांचे, सहा सत्रांचे. आणि अखेरीस दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. लष्करात गेला म्हणजे शिक्षण सुटले, अशी जी आपल्या घरांतून समजूत आहे ती येथे टिकत नाही. ग्रंथालयास व्यासांचे नाव आहे आणि त्यात एक लाखाच्या वर ग्रंथ आहेत. महाभारत ज्याने सांगितले त्याचेच नाव सैनिकांच्या ग्रंथालयास द्यावे, हे बंधूंस फार आवडले. ते शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत.

मातोश्रींचा सारा जीव भोजनगृहात. एका वेळी दोन हजारांवर मुले तेथे जेवतात असे हवालदारांनी सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “आणि शाकाहारी असला तर?” शाकाहाराचीही सोय असते, असे उत्तर मिळाले. त्यावर त्यांनी मान हलविली. एवढ्यावरून त्यांचे मत काय झाले हे सांगणे कठीण. परंतु प्रश्न विचारला गेला, ही गोष्ट आमच्या पुतणीने टिपून ठेवली.

झाडाखाली पाणी पिण्यास थांबलो असता बंधू आमच्याजवळ येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बारावीत असताना मी इथला अर्ज आणला होता.” आम्ही चकित झालो. एका घरात, एका ताटात वाढलेलो आम्ही. चाळीस वर्षांत हे कधी कानी आले नव्हते. “मग?” आम्ही विचारले. “मग काही नाही. अण्णांना विचारायचं धैर्य झालं नाही. ट्रंकेत राहिला.” ते पुढे काही बोलले नाहीत. समोरून मुलांची एक तुकडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत ते पाहत राहिले. पुतणीने घरात सर्वांसमक्ष तोंड उघडले तेव्हा बंधूंनी चष्मा का पुसावयास घेतला होता, ते आम्हांस त्या क्षणी उमगले.

मुलींस हे दार अगदी अलीकडे उघडले. २०२१ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने मुलींस प्रवेशपरीक्षेस बसू द्यावे असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या परीक्षेस बसल्या. २०२२ साली १९ मुलींची पहिली तुकडी येथे दाखल झाली, आणि त्यांतील १७ जणी २०२५ च्या मेमध्ये तीनशेहून अधिक मुलग्यांबरोबर ‘अंतिम पग’ ओलांडून बाहेर पडल्या. संचलनाच्या अखेरीस ज्या पायरीवरून छात्र प्रबोधिनीचा निरोप घेतात तिला हे सुंदर नाव आहे. तेथून पुढे स्थलसेनेचे छात्र डेहराडूनला, नौसेनेचे केरळात एळिमलास व वायुसेनेचे हैदराबादजवळ दुंडिगल येथे पुढील शिक्षणास जातात. आम्ही असता पाच-सहा मुलींची एक तुकडी जवळून गेली. केस कापलेले, चेहरे उन्हाने रापलेले, नजर समोर. पुतणी त्यांच्याकडे पाहत होती. वहिनी पुतणीकडे पाहत होत्या.

शेवटी आम्हांस हट ऑफ रिमेम्ब्रन्स, म्हणजे स्मरणकुटी, दाखविण्यात आली. ही लहानशी वास्तू प्रबोधिनीच्या आरंभीच्या काळातील छात्रांनी स्वतः श्रमदान करून बांधली आहे. येथून शिकून गेलेल्यांपैकी जे देशासाठी कामी आले त्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. आत कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्याबरोबरची लहान मुलेही सांगितल्यावाचून गप्प झाली. वहिनी एका भिंतीजवळ बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी हवालदारांस विचारले, “ह्यांच्या आया येतात का हो इथे?”

“येतात, ताई.”

“काय करतात?”

“नावावरून हात फिरवतात,” ते म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

वाचकहो, प्रवासवर्णन येथे संपले असते तर बरे झाले असते. परंतु त्या कुटीतून बाहेर पडताना आमच्या मनात जे आले ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरी, ही म्हण आपण हसत हसत सांगतो. ती म्हण दुसऱ्या कोणावर नसून आपल्यावरच आहे. आपल्यासारख्या शिकलेल्या घरांतून देशभक्तीस तोटा नाही. प्रजासत्ताकदिनाचे संचलन आपण सहकुटुंब पाहतो, कारगिलच्या गोष्टी मुलांस सांगतो, शत्रूस असा धडा शिकवावा नि तसा शिकवावा ह्याची चर्चा पानावर बसून करतो. परंतु घरातील मूल “मी जातो” किंवा “मी जाते” म्हणाले की आपणांस त्याची प्रकृती, त्याचे डोळे, त्याच्या आजीचे वय आणि परदेशातील शिष्यवृत्त्या ह्यांची एकदम आठवण होते.

२०१९ च्या १४ फेब्रुवारीस पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत दोघे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातला. आमच्या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांची, मजुरांची मुले पिढ्यानपिढ्या जवान म्हणून जात आली आहेत. त्यांच्या घरी एकत्र कुटुंब नसते काय? आजी नसते काय? त्या दिवशी आम्हीही दिवा लावला होता आणि डोळे पुसले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या मुलांच्या शिकवण्या नेहमीप्रमाणे सुरू झाल्या. ह्यात कोणी अपराध केला असे आमचे म्हणणे नाही. वैद्य, अध्यापक, अभियंता हेही देशाचेच काम करतात, आणि ज्याच्या मनात नाही त्याला घराण्याच्या नावासाठी रणात ढकलणे हे तर पापच होय. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याच्या मनात आहे त्याचा अर्ज आपल्या भीतीपोटी ट्रंकेत राहू नये.

भीती खोटी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. भय युद्धाचेच असते असे नाही. ह्या कठोर शिक्षणातच दुखापत होऊन काही छात्र कायमचे अधू होतात व घरी परततात. पदवी नाही, नेमणूक नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, अशी त्यांची अवस्था होते. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न आपण होऊन हाती घेतला, आणि त्यानंतर सरकारने त्यांस माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचा लाभ देऊ केला. आईबापांनी हे सारे माहीत करून घ्यावे. जे पाठवितात त्यांनी डोळे उघडे ठेवून पाठवावे. जे पाठवीत नाहीत त्यांनीही, नेमके कशास भितो हे समजून घेऊन मग नाही म्हणावे.

ज्यांच्या घरी असा एखादा मुलगा वा मुलगी असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. प्रवेशपरीक्षा संघ लोकसेवा आयोगातर्फे वर्षातून दोन वेळा होते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, आणि बारावी उत्तीर्ण किंवा बारावीस बसलेला, अशी अट आहे. स्थलसेनेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौसेना व वायुसेनेसाठी गणित, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र लागते. लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यांत गणितास ३०० व सामान्य क्षमतेस ६००. ती उतरली म्हणजे सेवा निवड मंडळापुढे सुमारे पाच दिवसांची पारख होते, तिलाही ९०० गुण. मग वैद्यकीय तपासणी. निवड झाल्यावर शिक्षणाचा खर्च सरकार करते. मराठी मुलांनी ह्या परीक्षेत मागे राहू नये म्हणून महाराष्ट्र सरकारने १९७७ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली; मुलींसाठी तशी सोय अलीकडे नाशिकला झाली आहे. लहान वयातच ओढ दिसली तर साताऱ्याची सैनिकी शाळा आहे. ती १९६१ साली निघाली. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत शिकलेले मनोज मुकुंद नरवणे हे खडकवासल्याच्या ह्याच प्रबोधिनीतून जाऊन २०१९ च्या अखेरीस सरसेनापती झाले आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत त्या पदावर होते. तेव्हा आपल्या घरांस ही वाट अगदीच अनोळखी आहे असे नाही.

परतीच्या गाडीत मुले लवकर निजली. मातोश्री जप करीत होत्या. बंधू खिडकीशी बसले होते. मनमाड गेल्यावर, सर्व निजले असे समजून आम्हीही पाठ टेकणार, तोच वहिनी समोरच्या बाकावरून हळूच म्हणाल्या, “भाऊजी, झोपलात का?”

“नाही.”

“हिचं गणित कच्चं आहे. शेगावला कुणी चांगलं शिकवणारं आहे का, बघाल?”

आम्ही बघतो म्हणालो. त्या कुशीवर वळल्या. त्या रडत होत्या की नाही हे अंधारात आम्हांस दिसले नाही, आणि दिसले असते तरी आम्ही येथे लिहिले नसते. खिडकीशी बसलेल्या बंधूंनी मात्र पुन्हा चष्मा काढला होता.

शिकवणी लागली आहे. आठवड्यातून तीन दिवस पुतणी सकाळच्या एस. टी.ने शेगावास जाते. तिची निवड होईलच असे नाही; लाखो मुले परीक्षेस बसतात, आणि जागा थोड्या, त्यांत मुलींच्या तर फारच थोड्या. न झाली तर ती दुसरे काही शिकेल, आणि विचारावयाचेच राहिले ही हळहळ तरी तिच्या वाट्यास येणार नाही. मातोश्री पहाटे पाचला तिला उठवितात. तूर्त आमच्या संग्रामपुरात एवढाच संग्राम सुरू आहे: पहाटेचे उठणे आणि त्रिकोणमिती.